जुन्या अरबी शब्दाचा अर्थ कसा लावावा: 'ऐन' या एका शब्दावर आठ टप्पे

एका ओळखीच्या मुलाने मध्यंतरी वही पुढे केली. हदीसमधले, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातले, दोन शब्द, 'अल-ऐनु हक़्क़', आणि खाली त्याने केलेले मराठी: 'डोळा हा हक्क आहे.' कोश उघडून केले होते. कोशात ऐन म्हणजे डोळा आहेच, आणि हक़्क़ म्हणजे हक्कही आहे. शब्द दोन्ही बरोबर, वाक्य साफ चुकलेले. तिथे म्हटले आहे ते एवढेच, की दृष्ट लागते ती खरी.

असल्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात, आणि माझ्या जुन्या वह्याही काही वेगळ्या नाहीत. बहुतेकांची चूक कोश नसल्यामुळे होत नाही, कोश फार लवकर उघडल्यामुळे होते. म्हणून हा क्रम लिहून काढतो. ज्यांना अरबी अक्षरे वाचता येतात पण व्याकरण कच्चे आहे, म्हणजे लहानपणी कुराण वाचायला शिकलेले, किंवा जुन्या कागदपत्रांसाठी फारसी लिपी गिरवलेले इतिहासाचे विद्यार्थी, त्यांच्यासाठी तो आहे. उदाहरण म्हणून 'ऐन' हाच शब्द शेवटपर्यंत हाती धरला आहे. इतका लबाड शब्द शोधूनही सापडायचा नाही.

आधीची तयारी

पहिली गोष्ट, देवनागरीत लिहिलेल्या अरबी शब्दावरून कधीही सुरुवात करू नका. हमजा आणि ऐन (आपल्या शब्दाचेच नाव एका अक्षरालाही आहे) ही दोन वेगळी व्यंजने मराठीत येताना दोन्ही 'अ' होऊन बसतात. 'अमल' घ्या. ऐन-मीम-लाम असेल तर काम, कृती. आपला 'अंमल' तिथलाच. हमजा-मीम-लाम असेल तर आशा. 'कल्ब' तर त्याहून वाईट. क़ाफने लिहिला तर हृदय, काफने लिहिला तर कुत्रा. नुक्ता गाळला की दोन्ही एकच. मूळ अरबी अक्षरे समोर नसतील तर ती मिळेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट, शक्य तिथे जबर, जेर, पेश (स्वरांच्या खुणा) आणि तश्दीद (अक्षर दुहेरी असल्याची खूण) दिलेला पाठ घ्या. कुराणाचा तसा पाठ कुठेही मिळतो. हदीस आणि जुन्या कवितेच्या चांगल्या आवृत्त्यांतही खुणा असतात. खुणा नसलेल्या मजकुरात काय गोंधळ होतो ते तिसऱ्या टप्प्यात दाखवतो.

तिसरी गोष्ट कोश. निदान दोन हवेत आणि त्यांतला एक तरी जुन्या अरबीचा हवा. इंग्रजी चालत असेल तर एडवर्ड लेन यांचा आठ भागांचा कोश (१८६३ ते १८९३) घ्या. अरबीतून वाचता येत असेल तर इब्न मंज़ूर यांचा 'लिसान अल-अरब'. हान्स वेहर यांचा कोश सुटसुटीत आहे, सगळ्यांच्या हाताशी असतो, पण तो आधुनिक लिखित अरबीचा आहे. जुन्या वाक्याचा शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडू नका.

बाकी लागतात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. एका चिठ्ठीवर एकच शब्द. पेन नको, कारण खोडावे लागणारच.

टप्पा १: शब्द नव्हे, वाक्य उतरवा

आधीचे अर्धे वाक्य आणि नंतरचेही अर्धे वाक्य घ्या. शेजारी लिहा की हे कुठले आहे: कुराण, हदीस, कविता, व्यवहाराचा कायदा, की हिशोबाचा कागद. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि नव्वद टक्के लोक ते टाळतात. नुसता 'ऐन' लिहून आणून 'याचा अर्थ काय' म्हणून विचारतात. त्याला उत्तर नसते.

टप्पा २: चिकटलेले तुकडे सोडवा

अरबीत 'आणि', 'ने', 'साठी', 'सारखा' हे सगळे शब्दाला पुढून चिकटतात: व, फ, बि, लि, क, आणि अर्थातच अल. मागून 'माझा', 'त्याचा', 'आमचा' चिकटतात. शिवाय द्विवचनाची आणि अनेकवचनाची शेपटी असते ती वेगळीच.

कुराणातल्या सूरा (अध्याय) ११, आयत (ओळ) ३७ मध्ये नूहला, म्हणजे नोहाला, नौका बांधायची आज्ञा आहे. तिथे शब्द येतो 'बिअअ्युनिना'. सोडवला की तीन तुकडे होतात: बि (ने, खाली), अअ्युन, ना (आमचा). मधला तुकडा आपल्या कामाचा. तो ऐनचे अनेकवचन आहे. म्हणजे 'आमच्या नजरेखाली' नाव बांध.

उलट चूकही होते. 'बैत' (घर) यातला बा मूळचाच आहे, 'वजद' (त्याला सापडले) यातला वावही मूळचा. पुढचे अक्षर ओळखीचे दिसले म्हणून ओरबाडून काढायचे नाही.

*तपासणी:* तुकडे काढल्यावर निदान तीन व्यंजने उरली का? दोनच उरली असतील तर एक तर तुम्ही जास्त काढले, किंवा मूळ धातूत, म्हणजे शब्दाच्या मुळाशी असलेल्या तीन अक्षरांत, 'वाव', 'या' किंवा 'हमजा' यांपैकी एखादे अक्षर आहे आणि ते लपले आहे. तसे असेल तर पुढच्या टप्प्यात सावकाश जा.

टप्पा ३: मूळ तीन अक्षरे शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

सरळ धातूंना काही अडचण नसते. अडचण 'वाव' आणि 'या' ही अक्षरे असलेल्यांची. 'क़ाला' (तो म्हणाला) यात मधोमध अलिफ दिसतो, पण मूळ क़ाफ-वाव-लाम. 'बाआ' (त्याने विकले) यातही अलिफच दिसतो, पण मूळ बा-या-ऐन. ओळखायचे कसे? साधे नाम बघा. क़ाला याचे नाम क़ौल, त्यात वाव उघडा पडतो. आपण देवाला कौल लावतो तो हाच शब्द, त्यामुळे निदान हा तरी मराठी माणसाने चुकू नये. बाआ याचे नाम बैअ, म्हणजे विक्री. तिथे 'या' दिसतो.

आता माझी फजिती. फातिहात, म्हणजे कुराणाच्या पहिल्या सूरेत, रोज म्हटली जाणारी ओळ आहे, 'इय्याका नअबुदु व इय्याका नस्तईन'. यातल्या नस्तईनमध्ये ऐन, या, नून अगदी ओळीने दिसतात. मी सुरुवातीच्या दिवसांत ऐन-या-नून या धातूखाली अख्खी दुपार घालवली. 'आम्ही तुझ्याकडे डोळे लावतो' असा काहीतरी सुंदर अर्थही जमवला. कोशात तो कुठेच मिळेना, तेव्हा कोशच अपुरा आहे असे ठरवून मोकळा झालो. धातू ऐन-वाव-नून आहे. साधे नाम 'औन', म्हणजे साहाय्य. 'आम्ही तुझ्याकडेच साहाय्य मागतो.' लांबलेल्या क्रियारूपात मधला वाव बदलून 'या' होतो, म्हणून क्रियापदाकडे बघून ठरवायचे नाही. साध्या नामापर्यंत मागे जायचे.

खुणा नसलेला मजकूर असेल तर मीम-ऐन-या-नून ही चार अक्षरे लिहून बघा:

– मईन: वाहते, डोळ्यांना दिसणारे पाणी.
– मुईन: साहाय्य करणारा. धातू ऐन-वाव-नून. मोईन, मुईनुद्दीन ही नावे इथली.
– मुअय्यन: ठरवून दिलेला, नेमका. धातू ऐन-या-नून. भूमितीत समभुज चौकोनालाही हाच शब्द.

लिहिताना चारच अक्षरे, आणि ती तशीच. खुणांशिवाय हे तीन वेगळे करायला फक्त वाक्यच कामी येते.

यातला पहिला, मईन, अजून एक पेच घालतो. सूरा ६७ ची शेवटची आयत 'माइन मईन', वाहते पाणी, या शब्दांवर संपते. मईनचा धातू कोणता यावर जुन्या कोशकारांचेच एकमत नाही. काही म्हणतात मीम-ऐन-नून, सहज वाहणे. काही म्हणतात ऐन-या-नून, आणि मईन हे मूळच्या 'मअ्यून'चे आखडलेले रूप, जसे बैअपासून 'मबीअ' (विकलेली वस्तू). या दुसऱ्या वाटेने गेलात तर 'दृष्ट लागलेला' असाही अर्थ निघतो, तोही कोशात आहे. अशा ठिकाणी स्वतः निकाल द्यायच्या फंदात पडू नका. दोन्ही धातूंची पाने उघडा आणि चिठ्ठीवर दोन्ही लिहा.

*सावधान:* मोबाइलवरची साधने धातू चटकन काढून देतात. कुराणासाठी ती बऱ्यापैकी विश्वासाची आहेत, कारण तिथले काम माणसांनी तपासलेले असते. खुणा नसलेल्या इतर मजकुरावर ती अंदाज बांधतात, पण अंदाज बांधल्याचे सांगत नाहीत.

टप्पा ४: वजन, लिंग, अनेकवचन

अरबी व्याकरणात शब्दाच्या साच्याला वजन म्हणतात. धातू तोच ठेवून वजन बदलले की अर्थ सरकतो. ऐन-या-नून याची क्रियापदे बघा. साधे 'आना': दृष्ट लावली. मधले अक्षर दुहेरी केले, 'अय्यना': नेमके ठरवले, नेमणूक केली. पहिला स्वर लांबवला, 'आयना': प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्याचे नाम 'तअ्यीन', आणि त्याच्या अनेकवचनातून फारसीमार्गे आलेला आपला शब्द म्हणजे 'तैनात'. शाळेत पाठ केलेली तैनाती फौज, १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडली ती, डोळ्याच्याच घराण्यातली आहे.

अनेकवचने तर सरळ कामाला येतात. ऐनची तीन आहेत: अअ्युन, उयून, अअ्यान. कुराणात डोळ्यांसाठी अअ्युन आणि झऱ्यांसाठी उयून, अशी वाटणी दिसते. 'जन्नातिन व उयून' आले की बागा आणि झरे. पण हा नियम कुराणाबाहेर नेऊ नका. कवितेत डोळ्यांना सर्रास उयून म्हटलेले आहे. तिसरे अअ्यान बहुतेक वेळा मातब्बर माणसांसाठी, आणि कायद्याच्या ग्रंथांत प्रत्यक्ष वस्तूंसाठी.

अनेकवचनासारखा दिसणारा 'ईन' मात्र ऐनचे अनेकवचन नाही. ते मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचा किंवा डोळ्यांची, या विशेषणाचे अनेकवचन आहे. 'हूर ईन', म्हणजे स्वर्गातल्या टपोऱ्या डोळ्यांच्या हुरी, यातला तो.

*तपासणी:* ऐन स्त्रीलिंगी आहे. वाक्यातले विशेषण किंवा क्रियापद स्त्रीलिंगी आहे का बघा. पुल्लिंगी असेल तर वाचन पुन्हा तपासा. कदाचित तिथे माणूस अभिप्रेत असेल. हे सहाव्या टप्प्यात येईल.

टप्पा ५: आता कोश उघडा

इथे लोक पानच चुकतात. लेन आणि वेहर यांत धातूच्या पहिल्या अक्षराने शोधायचे. 'लिसान अल-अरब'ची मूळ मांडणी शेवटच्या अक्षराने आहे: ऐन-या-नून हवा असेल तर आधी नूनचे प्रकरण, त्यात ऐनचा भाग. जौहरींचा 'सिहाह' आणि फ़ीरूज़ाबादींचा 'क़ामूस' यांतही तसेच. लिसानची कैरोच्या दार अल-मआरिफ़ने काढलेली आवृत्ती मात्र पहिल्या अक्षराने लावून दिली आहे. म्हणून उतरवून घेताना कोणती आवृत्ती ते बघा. खलील यांच्या 'किताब अल-ऐन'ची मांडणी अक्षरांच्या उच्चारस्थानावर आहे, घशापासून ओठांपर्यंत, आणि तिची सुरुवात ऐन अक्षराने होते. त्या नावातला ऐन म्हणजे अक्षर, डोळा नव्हे. तो ग्रंथ नवख्याने सूची असल्याशिवाय उघडू नये.

लेनमध्ये दोन खुणा लक्षात ठेवा. अर्थाआधी दुहेरी कट्यारीची खूण असेल तर जुन्या जाणकारांनीच तो अर्थ लाक्षणिक म्हटला आहे. एकेरी कट्यार असेल तर तो लेन यांचा स्वतःचा कयास. आणि लेन १८७६ मध्ये वारले तेव्हा काम क़ाफ अक्षरापर्यंत आले होते. पुढची अक्षरे त्यांच्या टिपणांवरून छापली आहेत, त्यामुळे त्रोटक आहेत. काफ आणि लामसाठी जर्मनीत निघालेला जुन्या अरबीचा कोश ती उणीव भरून काढतो. मीमपासून पुढे अरबी कोशांशिवाय गत्यंतर नाही.

लेनमधली ऐनची नोंद लांबलचक आहे. ती पूर्ण वाचा. पहिला अर्थ मिळाला की कोश मिटणे ही आपली सगळ्यांची खोड. जुने कोशकार इब्न फ़ारिस यांनी या धातूचे मूळ एकच मानले आहे, ज्याने पाहतात तो अवयव, आणि बाकीचे अर्थ त्यातून फुटलेले. पण वाक्याला फांदी कळून उपयोग होतो, मूळ कळून नाही.

टप्पा ६: अर्थ वाक्यात घालून बघा

चिठ्ठीवर अर्थांची यादी करा: डोळा, झरा, हेर, दृष्ट, रोख नाणे किंवा सोने, प्रत्यक्ष वस्तू, 'स्वतः'. आता एकेक घालून बघा, आणि कुठल्या शेजारी शब्दामुळे तो ठरला ते त्याच चिठ्ठीवर लिहा. शेजारी शब्द दाखवता आला नाही तर तो अर्थ अजून तुमचा अंदाजच आहे.

सूरा ९०, आयत ८ मध्ये 'ऐनैन', दोन ऐन. पुढच्याच आयतीत जीभ आणि दोन ओठ आहेत. अर्थ डोळे. सूरा ५५, आयत ५० मध्येही दोनच ऐन, पण जोडीला 'तज्रियान', वाहत असलेले. अर्थ झरे. द्विवचन दोन्हीकडे सारखेच, ठरवले शेजाऱ्यांनी.

६२८ सालच्या हुदैबियाच्या तहाच्या हकिकतीत बुखारींच्या हदीस-संग्रहात असे येते की पैगंबरांनी ख़ुज़ाआ टोळीतला आपला एक ऐन पुढे पाठवला. 'बअसा', पाठवला, हे क्रियापद बघा. डोळा पाठवता येत नाही, झरा तर नाहीच. तो हेर. आणि हेर पुरुष असला की पुढची क्रियापदे पुल्लिंगी येतात, चौथ्या टप्प्यात म्हटले ते हेच.

व्यवहाराच्या कायद्यात ऐन आला की आजूबाजूला 'दैन' आहे का शोधा. दैन म्हणजे अंगावरचे देणे. त्याच्या विरुद्ध ऐन म्हणजे समोर ठेवलेली ठरावीक वस्तू. हे घोडे, हे पोते, हीच वस्तू. इथे 'डोळा' लावलात तर करारनामा वाचता वाचता वेड लागेल.

शेवटचा उपयोग व्याकरणाचा. 'जाआ ज़ैदुन ऐनुहु': ज़ैद स्वतः आला. ओळखायची खूण अशी की ऐन ज्याच्यावर जोर द्यायचा त्या नामानंतर येतो, त्याला 'त्याचा' हे सर्वनाम चिकटते, आणि विभक्ती त्या नामाचीच घेतो. तिन्ही जुळले की डोळा विसरा.

आता सुरुवातीची वही पुन्हा उघडा. 'अल-ऐनु हक़्क़'. आजूबाजूला पाणी नाही, पाठवणे नाही, देणे नाही. हदीसच्या संग्रहात ती जिथे येते तिथला विषय मंत्र, दुखणी आणि त्यांवरचे उपाय असा आहे. पहिल्या टप्प्यात 'हे कुठले आहे' ते लिहायला सांगितले ते एवढ्यासाठी.

टप्पा ७: काळ तपासा, आणि मराठी अर्थ बाजूला ठेवा

दोन बाजूंनी चुकीचा अर्थ आत शिरतो. एक आजच्या अरबीकडून. सूरा १२ मध्ये यूसुफला विहिरीतून काढते ती 'सय्यारा'. आज दुबईत हा शब्द मोटारीला आहे. तिथे तो प्रवाशांचा तांडा आहे. 'हातिफ़' आज टेलिफोन, पूर्वी न दिसणारा हाक मारणारा. आखातात नोकरी केलेल्यांना बोलीतली अरबी येते, आणि नेमके तेच इथे जास्त घसरतात.

दुसरी बाजू आपलीच. शेकडो अरबी शब्द फारसीतून मराठीत आले, आणि वाटेत बदलून आले. 'जगात गरीबासारखा राहा' असे भाषांतर मी छापलेले पाहिले आहे. मूळ हदीसमध्ये 'ग़रीब' आहे खरा, पण पुढे लगेच 'किंवा वाटसरू' असे आहे. ग़रीब म्हणजे परका, परमुलखातला. पैसा नसलेला हा अर्थ नंतरचा. 'मंजूर' मुळात पाहिलेला, 'मजकूर' मुळात उल्लेखलेला, 'हक़्क़' आधी सत्य आणि मग अधिकार.

*तपासणी:* तुमचा अर्थ आणि मराठीतल्या त्याच शब्दाचा अर्थ तंतोतंत जुळतोय? मग एकदा पुन्हा कोश बघा. जुळू शकतो, पण फुकट जुळला असेल तर धोका.

टप्पा ८: चिठ्ठी पुरी करा

चिठ्ठीवर या क्रमाने: वाक्य आणि ठिकाण; सोडवलेले तुकडे; धातू अक्षरांच्या नावांनी; वजन, लिंग, वचन; निवडलेला अर्थ; तो ठरवणारा शेजारी शब्द; कोश आणि आवृत्ती; बाद केलेले अर्थ आणि कारण. शेवटची ओळ कंटाळून गाळू नका. सहा महिन्यांनी तुम्हीच पुन्हा 'डोळा' लावायला जाल, तेव्हा तीच ओळ अडवेल.

मोडी कागदात 'ऐन' भेटला तर त्याची चिठ्ठी वेगळी करा, या चिठ्ठीत कोंबू नका. 'ऐन जमा' म्हणजे मूळचा, खरा सारा, 'शिवाय जमे'हून वेगळा. 'ऐन जिनसी' म्हणजे रोख नव्हे, प्रत्यक्ष वस्तूच्या रूपात. 'ऐन वेळी', 'ऐन दुपारी' हे त्या 'स्वतः, नेमका तोच' या अर्थाचे नातलग. 'ऐना' म्हणजे आरसा मात्र फारसी 'आईना'तून आला आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि कोकणातल्या रानातले ऐनाचे झाड दोन्ही चिठ्ठ्यांबाहेर.